'सुटे भाग'वाल्या शैलाताई

शैलाताई निकम कुणाच्याही घरी गेल्या की आधी पंख्याचा आवाज ऐकायच्या. छताच्या नव्हे, कंप्युटरच्या. आमच्याकडे पहिल्यांदा हळदीकुंकवाला आल्या तेव्हा माझी बायको मेधा त्यांच्यापुढे वाण घेऊन उभी, आणि ताईंचा कान कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाकडे.

"तो लॅपटॉप कुणाचा? धापा टाकतोय."

मी म्हटलं, माझा. जुना झालाय, येत्या शनिवारी नवीन घ्यायला निघालोय.

"काही घ्यायला जाऊ नकोस. उद्या वर घेऊन ये."

सिंगापुरात सेंगकांगमध्ये आम्ही एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच इमारतीत राहायचो, त्या आमच्या वर तीन मजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्म्याच्या जुन्या घरातून बारके स्क्रू-ड्रायव्हर काढले आणि माझ्या लॅपटॉपचं पोट उघडलं. आतल्या पंख्यावर धुळीचा थर बसला होता, थेट गोधडीच्या तुकड्यासारखा. तो चिमट्याने अलगद उचलून त्यांनी मला दाखवला. "म्हातारा नाही झाला रे, गुदमरलाय." तो लॅपटॉप त्यानंतर कितीतरी वर्षं चालला.

ताई मूळच्या नाशिकच्या. तिथे एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. नवऱ्याला, प्रमोदरावांना, आंग मो किओतल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्या मुलीला घेऊन इकडे आल्या. नवऱ्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या कामाच्या परवान्यावर आलेल्या बायकोला इथे वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. सुरुवातीला त्यांनी अर्ज केले, मुलाखती दिल्या, मग थांबल्या. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण त्यांच्यासमोर कुणी आपल्या ऑफिसातल्या कटकटी सांगायला लागलं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, हे मेधाच्या लक्षात आलं होतं.

शिकवायची सवय मात्र हाताला चिकटलेली. म्हणून त्यांनी मराठीतून एक वेबसाइट सुरू केली. नाव, 'सुटे भाग'. कंप्युटरचं काय घ्यावं, काय घेऊ नये, काय घरच्या घरी दुरुस्त होतं, काय दुकानदार उगाच बदलायला लावतो, असं सगळं. साइटवर एकही जाहिरात नव्हती. वाचणारे सगळे तिकडचे, म्हणजे बार्शी, चाळीसगाव, सावंतवाडी, असे. सायबर कॅफे चालवणारे, शाळेतले कंप्युटरचे मास्तर, सुटे भाग जमवून स्वतःचा कंप्युटर बांधणारी हौशी मंडळी. मी जुरोंग ईस्टला नोकरीला होतो. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, लांबच्या प्रवासात त्यांचे लेख वाचायचो आणि शुद्धलेखनाच्या चुका कळवायचो. तेवढाच माझा त्यात हात.

साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे 'कुणाचं वाचावं'. जगभरातल्या तंत्रज्ञानाच्या ब्लॉगांची आणि साइटींची ती यादी होती. अशा याद्या शेकड्यांनी सापडतात, पण त्यांत नुसती नावं असतात. ताई प्रत्येक नावाखाली चार ओळी लिहायच्या. साइट कोण चालवतं, पैसा कुठून येतो, तिथलं काय वाचावं आणि काय सोडून द्यावं. 'ह्यांच्या प्रोसेसरच्या चाचण्या नीट असतात, लॅपटॉपवर लिहितात तेव्हा मात्र कंपनीचं पत्रकच उतरवतात, तेवढं सोडा.' 'हा माणूस भारी चिडका आहे, पण खोटं बोलत नाही.' 'इथला लेख वाचू नका, खालच्या प्रतिक्रिया वाचा. तिथे जाणकार भांडतात.' मोठमोठ्या नावाजलेल्या साइटी त्या यादीत नव्हत्या. मी एकदा एका साइटचं नाव सुचवलं, तर म्हणाल्या, "आधी मला त्यांनी आपली एक चूक कबूल केलेली दाखव. 'आम्ही मागे चुकीचं लिहिलं होतं' असं एकदा तरी म्हटलेलं दाखव, लगेच घेते." मी शोध शोध शोधलं. सापडलं नाही.

मुलगी इरा तेव्हा सेकंडरी शाळेत होती. आईच्या मागे उभी राहून म्हणायची, "मम्मा, हू रीड्स ब्लॉग्ज नाउ? एव्हरीबडी वॉच व्हिडिओ लाह."

"व्हिडिओतलं वाक्य बोट ठेवून वाचता येत नाही," ताई मान वर न करता सांगायच्या.

एकदा एका लॅपटॉप कंपनीचा माणूस त्यांना शोधत आला. मराठी वाचणारे इतके आहेत हे त्यांच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. ताईंनी त्याला घरी न बोलावता खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, बोलावलं, आणि सोबतीला मला. तो इथलाच तमिळ मुलगा होता, मोठा गोड बोलणारा. कोराकरकरीत लॅपटॉप पुढे ठेवून म्हणाला, "मॅम, यू राइट, यू कॅन कीप." ताईंनी आपला चहा आपण आणला, पावती लिहून दिली, लॅपटॉप नेला. दोन आठवडे इराला, प्रमोदरावांना, आम्हाला, सगळ्यांना वापरायला लावला, आणि पुसून, खोक्यात घालून परत केला. लेखात सगळं चांगलं लिहिलं आणि शेवटी लिहिलं की स्क्रीनची बिजागरी कच्ची आहे, वर्षभरात डुगडुगायला लागेल. त्या मुलाचा फोन आला. तो बराच वेळ बोलत होता. ताईंनी ऐकून घेतलं आणि हसून इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्याशी काय बोलतोस? तुझ्या बिजागरीशी बोल."

असं सगळं ठीक चाललेलं असताना त्यांना विट्याहून एक मेल आली.

पाठवणारा सुहास म्हणून कुणी फोटोग्राफर होता. विट्यात त्याचा छोटा स्टुडिओ. लग्नाचे फोटो काढायचा, लोकांचे जुने फोटो स्कॅन करून नीट करून द्यायचा. त्याच्या जुन्या स्कॅनरला चालेल असा ड्रायव्हर, म्हणजे कंप्युटरला स्कॅनर ओळखू येण्यासाठी लागणारा प्रोग्राम, त्याला हवा होता. कंपनीने तो देणं केव्हाच बंद केलं होतं. ताईंच्या यादीत अशा जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर फुकट देणारी एक साइट होती. युरोपातल्या एका गावात राहणारा कुणी निवृत्त माणूस ती एकट्याने चालवायचा. ताईंची त्याच्याशी मेलवर ओळख होती. यादीत त्याच्या नावाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'निर्धास्त जा.'

सुहास निर्धास्त गेला. प्रोग्राम उतरवून घेतला, चालवला, आणि थोड्या वेळात त्याच्या कंप्युटरवरची प्रत्येक फाइल कुलूपबंद झाली. पडद्यावर किल्लीच्या बदल्यात पैसे मागणारी पाटी. त्या हंगामातल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्यात होते. अल्बम अजून व्हायचे होते. दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती तीही कंप्युटरलाच जोडलेली, त्यामुळे तीसुद्धा गेली. मेलच्या शेवटी त्याने एवढंच लिहिलं होतं, 'मॅडम, तुमच्या यादीतून गेलो होतो.'

ती मेल मला ताईंनी फोनवर वाचून दाखवली. आवाज नेहमीसारखाच होता. मी वर गेलो तेव्हा त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, आत्ता कुणी बोलावलं तर लगेच उठायचंय अशा.

पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी छडा लावला. तो निवृत्त माणूस वारला होता. साइटच्या पत्त्याचं नूतनीकरण घरच्यांनी केलं नाही, कुणीतरी तो पत्ता उचलला आणि साइट होती तशीच्या तशी ठेवली. रंग तेच, अक्षरं तीच, त्या माणसाचा मांजरासोबतचा फोटोही तोच. फक्त उतरवून घ्यायच्या फायली बदलल्या. ताई यादीतली प्रत्येक साइट अधूनमधून उघडून तपासायच्या. हीही तपासली होती.

"उघडून बघितली," त्या म्हणाल्या. "उतरवून नाही बघितलं. मेलेल्या माणसाच्या घराचा पत्ता मी लोकांना देत होते, अभिजित, आणि आत दुसरंच कुणी राहत होतं."

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला कसं कळणार होतं? आणि डिस्क काढून ठेवावी हे तर तुम्ही लिहिलंच आहे."

"सातव्या परिच्छेदात लिहिलंय. सातव्या परिच्छेदापर्यंत कोण वाचतं?"

त्याच दिवशी त्यांनी साइटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत झालेलं सगळं मांडलं. कुठली साइट, काय झालं, आपण काय तपासलं आणि काय तपासलं नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव. प्रतिक्रियांचा नुसता पूर आला. कुणी लिहिलं, सिंगापुरात बसून फुकटचे सल्ले देता. कुणी लिहिलं, तुम्हीही त्या चोरांना सामील असणार. आणि पुष्कळांनी लिहिलं, ताई, ह्यात तुमची काही चूक नाही. ताई शिव्या शांतपणे वाचायच्या. ह्या शेवटच्या प्रतिक्रिया मात्र त्यांना वाचवत नसत. मेधाला म्हणाल्या, "शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं गं. ह्यांना काय सांगू?"

प्रमोदराव घाबरले होते. स्वभावाने सज्जन माणूस, पण परदेशातल्या नोकरदाराची भीती त्यांच्या हाडात मुरलेली. एका रविवारी आम्ही दोघं तिथे असतानाच ते बोलले.

"साइट बंद कर, शैला. आजच्या आज. उद्या कुणी पोलिसांत गेलं तर? इथे माझ्या कंपनीला कळलं तर? आपण माझ्या पासवर राहतो इथे."

"बंद केली तर पळून गेले असं होईल."

"होऊ दे! कुणाला काय सिद्ध करायचंय? एक पैसा कधी घेतलास का तू ह्याचा?"

"पैसा घेतला नाही म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला," ताई म्हणाल्या.

प्रमोदराव उठून बाल्कनीत गेले. इरा आपल्या खोलीच्या दारात उभी होती. ती आईजवळ येऊन बसली.

ताईंनी सुहासला फोन केला. कुलूप तोडता येणार नाही हे त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "कॅमेऱ्यातली कार्डं कुठायत? त्यांवर नवे फोटो काढलेत का?" कार्डं पुसून तो पुन्हा वापरायचा, पण पुसलेल्या कार्डावरही वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुने फोटो आत शिल्लक राहतात. "एकही कार्ड आता कॅमेऱ्यात घालू नका. दुसऱ्याची मागून आणा. तुमची सगळी माझ्याकडे पाठवा."

माझा मेहुणा पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला येणार होता. सुहास विट्याहून एसटीने पुण्याला गेला आणि चिवड्याच्या डब्यात ठेवलेली कार्डं त्याच्या हातात देऊन परतला.

मग ताईंच्या घरी एक विचित्र काम सुरू झालं. कार्डांतून फोटो निघत होते, पण नावं, तारखा, क्रम सगळं गेलेलं. एका लग्नातली अक्षता, पुढच्या क्षणी दुसऱ्याच लग्नातली पंगत. शनिवार-रविवारी मेधा वर जाऊन बसायची, आणि सेंगकांगच्या त्या फ्लॅटमध्ये खानापूर तालुक्यातली लग्नं वेगळी केली जायची. "ही पिवळ्या मंडपाची." "नाही ताई, ही निळ्या फेट्यांची, तो मिशीवाला मामा बघा ना." एकाही माणसाला त्या दोघी ओळखत नव्हत्या, पण थोड्याच दिवसांत कुठली आत्या कुठल्या लग्नात रुसली होती हेही त्यांना सांगता यायला लागलं. मेधा हसायची. ताईही कधीकधी हसायच्या, पण तोंडावर हात ठेवून, चारचौघांत चुकून हसू आल्यासारखं.

बरीचशी लग्नं मिळाली. कुठे अर्धी, कुठे जवळजवळ पूर्ण. एक मात्र मिळेना. त्याच्या कार्डावर सुहासने नंतर एक बारसं काढलं होतं, त्यात ते बुजून गेलेलं. आणि नेमकं त्या लग्नातल्या नवरीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात हृदयविकाराने गेले होते. घरच्यांना अल्बम त्यांच्या आठवणीसाठी हवा होता. ते लोक स्टुडिओत येऊन सुहासला नाही नाही ते बोलून गेले. त्याने दुकान उघडणंच सोडलं.

ताई त्या कार्डाला चिकटून बसल्या. एक प्रोग्राम झाला की दुसरा. यादीतल्या त्या चिडक्या माणसालाही त्यांनी लिहिलं. त्याने चक्क सविस्तर उत्तर पाठवलं. शेवटी एक फोटो निघाला. अर्धा. वरच्या भागात गुलाबी फेटा, कपाळ, बारीक केलेले डोळे. नाकाच्या खाली सपाट करडा रंग, बाकी काही नाही. नवरीचे वडील ते हेच, असं सुहासने फोनवर पाहून सांगितलं.

ताई म्हणाल्या, "मी स्वतः जाऊन देणार."

प्रमोदराव नको म्हणत होते. तिथे गर्दी जमेल, कुणी अंगावर येईल, एकटी बाई तू. त्या कार्डं, सापडलेल्या फोटोंची डिस्क आणि पाकिटातला तो फोटो घेऊन निघाल्या. नाशिकला माहेरी जाऊन तिथून विट्याला. परत आल्यावर त्यांनी काय घडलं ते आम्हाला एकदाच सांगितलं. चहा कपात तसाच राहिला होता.

सुहास त्यांच्या मनात होता त्यापेक्षा फार लहान निघाला, पंचविशीतला. त्याच्या आईने भाकरी, मटकीची उसळ वाढली, मुक्काम करा म्हणाली. मग ताई आणि सुहास मिळून त्या नवरीच्या माहेरी गेले. अंगावर कुणी आलं नाही. नवरीची आई म्हणाली, "एवढ्या लांबनं आलासा? कशापाय?" ताईंनी झालेलं सगळं सांगितलं, सुहासची चूक नाही, माझी आहे, असं सांगितलं. त्या बाईला वेबसाइट, ड्रायव्हर ह्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. तिने मान हलवली आणि हात पुढे केला. ताईंनी फोटो दिला. नवरी आईच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने फोटोच्या करड्या भागावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "खालचं कुठाय?"

"रागानं नाही रे विचारलं तिनं," ताई म्हणाल्या. "खरंच विचारलं. माझ्याकडे असेल असं वाटून."

सुहास त्यांना एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडी लागेपर्यंत दोघं बाकावर बसले. निघताना तो म्हणाला, "मॅडम, नवीन कंप्युटर घेतोय. आता ड्रायव्हर कुठल्या साइटवरनं घेऊ, ते सांगा."

"तू काय सांगितलंस?" प्रमोदरावांनी विचारलं.

ताईंनी गार झालेला चहा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "गाडी लागली तेवढ्यात."

'कुणाचं वाचावं' हे पान त्यांनी काढून टाकलं. बाकीची साइट राहिली, पण नवीन काही आलं नाही. वाचकांच्या मेली येत राहिल्या: ताई, ती यादी कुठे गेली, आम्ही आता कुणाचं वाचू? त्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या की यादी आता नाही. कारण विचारलं तर पहिल्या पानावरच्या मजकुराकडे बोट दाखवायच्या. तो मजकूर त्यांनी कधीच उतरवला नाही. सुहासने स्टुडिओ पुन्हा उघडला, एवढं मेधाकडून कळलं. नवीन लग्नाचा एखादा फोटो तो ताईंना पाठवायचा. ताई बघायच्या आणि 'छान' म्हणून कळवायच्या. आमच्याकडे आल्या तरी आता बाहेरच्या खोलीत सरळ सोफ्यावर बसायच्या. माझ्या टेबलाकडे त्यांचं लक्ष जात नसे.

वर्षभराने प्रमोदरावांच्या कंपनीने त्यांचा विभाग पुण्याला हलवला. इराची परीक्षा संपली तशी त्यांनी आवराआवर केली.

निघायच्या दिवशी मी सामान खाली न्यायला मदत करत होतो. टॅक्सी येऊन उभी होती. इरा आत बसली होती, प्रमोदराव डिकीत बॅगा रचत होते. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी, बाराव्या मजल्यावरचे अंकल लिम बसले होते. वयस्कर माणूस, बायको गेल्यापासून एकटे. ताईंना पाहून त्यांनी हात केला आणि आपला टॅब पुढे धरला. त्यांना कुठल्याशा साइटवरून काहीतरी उतरवून घ्यायचं होतं.

"मिसेस निकम, धिस वन कॅन ट्रस्ट ऑर नॉट, आह?"

ताई जागीच थबकल्या. मला वाटलं, घाई आहे म्हणून सांगतील आणि निघतील. त्यांनी खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली.

"आय डोन्ट नो, अंकल," त्या म्हणाल्या. "कम, वी सी टुगेदर."

त्या दगडी स्टुलावर त्यांच्या शेजारी बसल्या. चष्मा वर सारला आणि पानाच्या अगदी तळापर्यंत गेल्या, जिथे बारीक अक्षरात कुणी लिहिलं, कधी लिहिलं ते असतं. तिथून त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागल्या, मोठ्याने, सावकाश. अंकल लिम त्यांच्या मागोमाग शब्द उच्चारत होते. टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न दिला. प्रमोदरावांनी डिकी लावली, घड्याळाकडे पाहिलं, बायकोला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते टॅक्सीवाल्याच्या खिडकीशी वाकले आणि त्याला थोडं थांबायला सांगू लागले.